न दिलेल्या औषधाचा हिशेब

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ जुलै २०२५ रोजी एक तज्ज्ञमंडळ बोलावले होते. गरोदर स्त्रियांना नैराश्यावरील औषधे द्यावीत की नाहीत, हा त्याच्यापुढील विषय होता. मंडळातील दहा सदस्यांपैकी बहुतेकांनी या औषधांपासून संभवणाऱ्या धोक्यांवरच भर दिला. त्यावर तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. मंडळाची रचना एकांगी होती आणि गर्भारपणातील नैराश्यावर उपचार न केल्यास काय हानी होते याचा पुरेसा विचार तेथे झाला नाही, असे संघटनेचे म्हणणे होते. वाद अमेरिकेतला खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याकडील तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही उभा राहतो. फरक इतकाच की, तेथे त्याचा वाद होत नाही. एका वाक्यात तो निकालात निघतो.

‘दिवस गेलेत ना, ताई? मग त्या गोळ्या आजपासून बंद करा.’ हे वाक्य उच्चारणारा डॉक्टर निष्काळजी नसतो. किंबहुना आपण योग्य ती काळजी घेतली या समाधानातच तो पुढच्या रुग्णाकडे वळतो. ती स्त्री, तिचा नवरा आणि तिची सासू यांनाही तसेच वाटते. पोटातल्या बाळापर्यंत औषध पोचू नये, याहून शहाणपणाची गोष्ट ती कोणती? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही सावधगिरी दिसते तितकी निरुपद्रवी नाही, आणि तिची किंमत कोण मोजते हे एकदा मांडून पाहिले पाहिजे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या वैद्यकीय विषयात पडण्याचे कारण एवढेच की, हा प्रश्न औषधशास्त्राइतकाच हिशेबाचाही आहे.

कुटुंबाचा डॉक्टर अशा वेळी नेमके काय करतो, याची मोठ्या प्रमाणावरची नोंद ब्रिटनमध्ये उपलब्ध आहे. तेथील जवळजवळ प्रत्येक नागरिक एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेला असतो आणि डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांची नोंद राहते. एक लाखाहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अशा नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भधारणेपूर्वी नैराश्यावर औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी सातव्या महिन्याच्या सुमारास ते चालू असलेल्या स्त्रिया शंभरात केवळ १० होत्या. गरोदर नसलेल्या स्त्रियांत तेवढ्याच काळानंतर हे प्रमाण शंभरात ३५ होते. आजार बरा झाला म्हणून ज्यांची औषधे थांबली असतील त्या दोन्ही गटांत आहेतच. तेव्हा उरलेल्या फरकाचे कारण आजारात नव्हे, तर गर्भारपणात शोधावे लागते. त्या स्त्रियांनी आपण होऊन गोळ्या सोडल्या की डॉक्टरांनी त्या लिहून देणे थांबविले, हे अशा नोंदींवरून वेगळे काढता येत नाही. परंतु दोघांच्याही मागे भीती एकच होती, असे मानण्यास हरकत नाही.

ही भीती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आले. झोपेसाठी आणि गर्भारपणातील मळमळीसाठी ते सर्रास दिले गेले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्मली होती. वैद्यकव्यवसायाच्या स्मृतीत ही घटना कायमची कोरली गेली आणि ते योग्यच झाले. मात्र त्या घटनेचा धडा कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. गर्भावर काय परिणाम होतो हे न तपासताच ते औषध विकले गेले, हा तेथील अपराध होता. अमेरिकेतील अधिकारी फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याची मागणी लावून धरली, म्हणून त्या देशात त्याला विक्रीची परवानगी मिळाली नाही. धडा पुरावा मागण्याचा होता. पुरावा हाती आल्यावरही तो न पाहण्याचा तो धडा खासच नव्हता.

मग पुरावा काय सांगतो? नैराश्यावरील आजच्या औषधांत एसएसआरआय या नावाने ओळखला जाणारा गट सर्वाधिक वापरात आहे. त्यांपैकी पॅरॉक्सेटीनविषयी २००५ मध्ये अमेरिकेत इशारा देण्यात आला. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास बाळाच्या हृदयात दोष राहण्याचे प्रमाण शंभरात एकावरून दीड ते दोनांपर्यंत वाढते, असे तेव्हाच्या आकड्यांवरून दिसत होते. ‘धोका दुप्पट’ या शब्दांत हीच गोष्ट सांगितली की माणूस हादरतो. ‘शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना हा दोष नसतो’ असे सांगितले की विचार करू लागतो. दोन्ही विधाने खरी आहेत. पुढे २०१४ मध्ये सुमारे साडेनऊ लाख गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या स्त्रियांचा मूळ आजार आणि त्यासोबत येणाऱ्या इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर हृदयदोषांत लक्षणीय वाढ त्यात आढळली नाही. नवजात बाळाच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा एक गंभीर विकार आहे. त्याबद्दल २००६ मध्ये इशारा निघाला होता. त्याविषयी २०१५ मध्ये ३७ लाखांहून अधिक गर्भारपणांचे आकडे पुढे आले. औषध न घेतलेल्या मातांच्या दर दहा हजार बाळांत हा विकार सुमारे २१ जणांना, तर ही औषधे घेतलेल्यांच्या बाळांत सुमारे ३१ जणांना झाला होता. आणि इतर कारणे वजा जाता हा फरक आणखी कमी होत होता. याखेरीज काही बाळे जन्मानंतर काही दिवस चिडचिडी राहतात, त्यांना दूध ओढण्यास वा श्वासास थोडा त्रास होतो. तो बहुधा आपोआप ओसरतो; परंतु लक्ष ठेवावे लागते.

तात्पर्य, धोका शून्य नाही. पण थॅलिडोमाइडच्या जातीचाही नाही. येथे एक भेद आवर्जून केला पाहिजे. मनोविकारांवरील सर्वच औषधे एका मापाने मोजता येत नाहीत. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, तसेच अपस्मारात दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला निश्चितपणे घातक आहे. ते घेणाऱ्या मातांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे एकास जन्मजात व्यंग राहते आणि बौद्धिक वाढीवर होणारा परिणाम त्याहून अधिक बालकांत दिसतो. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते देण्यापूर्वी डॉक्टरने दहादा विचार केला पाहिजे. दुर्दैव असे की, ‘डोक्याच्या गोळ्या’ या एकाच शब्दाखाली ही सारी औषधे मोडतात. आणि मग जेथे भ्यायला हवे आणि जेथे फारसे भिण्याचे कारण नाही, त्या दोन्ही ठिकाणी भीती सारखीच असते.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. औषध थांबविले म्हणजे आजार थांबला असे होत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार नैराश्य येण्याचा इतिहास असलेल्या २०१ गरोदर स्त्रियांवर लक्ष ठेवण्यात आले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांत, तर ते थांबविलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांत आजार उलटला. त्या स्त्रियांचा आजार तीव्र स्वरूपाचा होता. तुलनेने सौम्य आजाराच्या स्त्रियांचा समावेश असलेल्या पुढील एका अभ्यासात इतका फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजेच औषध कोणाचे थांबवावे आणि कोणाचे नाही, हे आजाराच्या तीव्रतेवर ठरले पाहिजे. दिवस गेले एवढ्या एका गोष्टीवर नव्हे.

आजार उलटतो तेव्हा काय होते? स्त्री नीट जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जाण्याचे टाळते. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती वाढते. अशा स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. गोव्यातील अभ्यासात प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या मातांच्या बाळांचे वजन व उंची सहाव्या महिन्यात खुंटल्याचे अधिक प्रमाणात आढळले होते. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. तेथील अहवालांनुसार, बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात गर्भारपणाशी थेट निगडित मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आत्महत्या हे आहे. पोटातले बाळ जपण्यासाठी आईचे औषध काढून घेतले आणि मग आईच राहिली नाही, तर बाळ जपले असे कसे म्हणायचे?

अर्थशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना जो पहिला धडा दिला जातो, तो येथे लागू पडतो. फ्रेंच लेखक बास्तिया याने १८५० मध्ये दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम असा भेद केला. कोणत्याही निर्णयाचे दिसणारे परिणाम सारेच मोजतात. न दिसणारे मोजतो तो खरा हिशेबनीस. डॉक्टरने औषध दिले आणि बाळात दोष निघाला, तर चिठ्ठी समोर असते, सही असते, तारीख असते. दर शंभर बाळांत सुमारे तीन बाळे कोणतेही औषध न घेताही काही ना काही जन्मजात दोष घेऊन येतात. परंतु ज्या आईने गोळी घेतली तिच्या बाळाचा दोष गोळीच्याच नावे लिहिला जातो. उलट, डॉक्टरने औषध थांबविले आणि पुढे ती स्त्री खचत गेली, तर त्याची चिठ्ठी कोठेच नसते. लोक म्हणतात, तिचे नशीब. नाही तर तिचा स्वभावच तसा. न दिलेल्या औषधाबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाच्या दृष्टीने तो निर्णय हितकारकच होता. तथापि, जेथे केलेल्या कृतीचा दोष दिला जातो आणि न केलेल्या कृतीचा दिला जात नाही, तेथे सुज्ञ माणूस कृती टाळण्याकडेच वळणार. अशा परिस्थितीत ‘गोळ्या बंद करा’ या सल्ल्याने धोका नाहीसा होत नाही. तो डॉक्टरच्या डोक्यावरून उतरून त्या स्त्रीच्या डोक्यावर जातो. आणि ही देवघेव तिला न सांगता होते, ही यातील खरी आक्षेपार्ह बाब आहे.

येथे सारा दोष कुटुंबाच्या डॉक्टरवर टाकणे अन्यायाचे होईल. लहान गावात तो एमबीबीएस असेल, बीएएमएस असेल किंवा बीएचएमएस. त्याच्याकडे बाहेर रांग असते आणि एका रुग्णाला देण्यास मोजकी मिनिटे. गरोदर सुनेबरोबर सासू आत आलेली असते; तिच्यासमोर ‘मन लागत नाही’ हे वाक्य सुनेच्या ओठांवर येत नाही. डॉक्टरला संशय आला तरी पाठवायचे कोणाकडे? आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पडत नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. शिवाय तेथे गेल्याचे गावात कळले तर माहेरचेही नाव निघते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याची जिल्हा पातळीवरची योजना १९९६ मध्ये सुरू झाली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपले चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. मग अशक्तपणाचे निदान होते, टॉनिकची बाटली नाही तर सलाईन दिले जाते आणि ‘पहिलटकरीण आहे, होईल ठीक’ असा दिलासा मिळतो.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. स्त्रीच्या दुःखाची कारणे घरात असताना तिला गोळी देणे म्हणजे औषध कंपन्यांचे दुकान चालविणे नव्हे काय? गोव्यातच मातांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सुमारे २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. देशभरातील ३८ अभ्यासांचा एकत्रित हिशेबही २०१७ मध्ये २२ टक्क्यांवर आला. गोव्यातील अभ्यासात या आजाराशी निगडित आढळलेल्या गोष्टी कोणत्या? दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण, आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी. यांपैकी कशावरही गोळी नाही, हे निर्विवाद आहे.

म्हणूनच उपचार म्हणजे गोळीच, असे या लेखाचे म्हणणे नाही. सौम्य नैराश्यात बोलणे, ऐकून घेणे आणि समुपदेशन यांचा क्रम पहिला लागतो. पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत तेथील आरोग्यसेविकांना अशा संवादाचे प्रशिक्षण देण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा ज्या मातांना हा आधार मिळाला त्यांच्यात नैराश्य २३ टक्के होते. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात ५३ टक्के. त्याच धर्तीवर गोव्यात शेजारपाजारच्या स्त्रियांकरवीच हा आधार देण्याचा प्रयोग झाला. त्यातही सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या मातांचे प्रमाण अधिक आढळले, जरी फरक तितका मोठा नव्हता. मात्र ज्या स्त्रीचा आजार तीव्र आहे, जिला पूर्वी औषधानेच गुण आला आहे, जिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तिला केवळ धीराचे शब्द देऊन घरी पाठविणे हा उपचार नव्हे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेला सल्ला हाच आहे: केवळ गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे एवढ्याच कारणासाठी औषध नाकारू नये वा थांबवू नये. सामाजिक कारणांचा मुद्दा खरा असला तरी, ती कारणे दूर होईपर्यंत आजारी स्त्रीने थांबावे असे सांगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट विचारण्याची. गेल्या महिनाभरात मन वारंवार खिन्न वा निराश वाटले का, आणि रोजच्या गोष्टींतला रस उरला नाही असे झाले का, हे दोन प्रश्न ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रीला विचारावेत अशी तेथील मार्गदर्शक सूचना आहे. त्यांना पैसा लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्यासोबत हे दोन प्रश्न, सासूला किंवा नवऱ्याला क्षणभर बाहेर बसवून, विचारले जावेत. दुसरी गोष्ट वेळेची. औषध घेत असलेल्या तरुण स्त्रीशी या विषयावर बोलायचे ते दिवस राहण्यापूर्वी. म्हणजे कमी करायचे की चालू ठेवायचे, बदलायचे तर कोणते, हे शांतपणे ठरविता येते. एकाएकी गोळी तोडल्याने तोडल्याचाच त्रास होतो, हे डॉक्टरांनी रुग्णाला सांगितले पाहिजे. आणि रुग्णानेही शेजारणीच्या सल्ल्याने गोळी सोडता कामा नये, तशीच ती मनानेच चालूही ठेवू नये.

तिसरी गोष्ट जबाबदारी वाटून घेण्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात रुग्णाच्या संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचारांचे स्वरूप, त्यांतील धोके आणि पर्याय यांबरोबरच उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणामही रुग्णाला सांगितले पाहिजेत, असे त्या निर्णयात म्हटले आहे. तराजूची दोन्ही पारडी दाखविण्याचे कर्तव्य कायद्यानेच घालून दिले आहे. आपण सवयीने एकच दाखवितो. दोन्ही बाजू सांगून, स्त्रीचा निर्णय कागदावर नोंदवून घेतला, तर डॉक्टरलाही एकट्याने भिण्याचे कारण उरणार नाही. अडल्यास विचारता येईल असा मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यातील डॉक्टरला निदान दूरध्वनीवर तरी मिळाला पाहिजे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. अशीच व्यवस्था डॉक्टरांच्या शंकांसाठी, गर्भारपणातील औषधांच्या ताज्या माहितीसह उभारणे अवघड नाही.

राहता राहिला आपला, म्हणजे घरच्यांचा भाग. शाळेतल्या शिक्षिका, कचेरीतल्या कारकून स्त्रिया, महाविद्यालयात शिकत असतानाच लग्न झालेल्या मुली यांच्या घरांत डोहाळे पुरविले जातात, सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, फोटो काढले जातात. त्या सोहळ्यात बसलेली मुलगी हसत नसेल तर आपण ते थकव्यावर ढकलतो. तिने गोळ्यांचा विषय काढलाच तर ‘बाळाचा विचार कर’ असे तिला ऐकवितो. जणू तो तिने केलेलाच नाही. डॉक्टरच्या त्या एका वाक्याला घराचे हे पाठबळ असते, म्हणून ते इतक्या सहज उच्चारले जाते.

गरोदर स्त्रीला मधुमेह असेल तर इन्सुलिन बंद करा, असे कोणी म्हणत नाही. तेथे रोग दिसतो, रक्तातील साखरेचा आकडा दिसतो. मनाच्या आजाराचा आकडा प्रयोगशाळेतून येत नाही; तो त्या स्त्रीच्या तोंडूनच यावा लागतो. तो ऐकण्यासाठी डॉक्टरने आणखी पाच मिनिटे दिली आणि गोळी द्यावी की न द्यावी हे त्यानंतर ठरविले, तर तो निर्णय कोणताही असो, निदान तो हिशेब करून घेतलेला असेल. आज तो हिशेब न करताच घेतला जातो आणि त्याचे देणे ती स्त्री एकटी फेडीत राहते.